अ‍ॅट्रोपिन विष मारत नाही

‘एकशे आठची वाट कशाला बघायची? टाका पिकअपमध्ये आणि न्या नाशिकला.’ फवारणी करताना कुणाला गरगरलं, तोंडातून लाळ गळायला लागली की निफाड-चांदवडकडे हे हमखास ऐकू येतं. दवाखाना पाच-दहा मिनिटांवर असेल तर ते बरोबरही आहे. पण रुग्णवाहिका म्हणजे नुसती खाट आणि सायरन, हा समज आता जुना झाला. 2014 पासून राज्यात धावणाऱ्या 108 च्या गाडीत डॉक्टर असतो आणि औषधांची पेटी असते. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅस्पिरिन, ग्लुकोज, नेब्युलायझरची औषधं अशी बरीच मंडळी त्या पेटीत असतात. माझा जीव मात्र त्यातल्या एका काचेच्या अ‍ॅम्प्यूलवर आहे. अ‍ॅट्रोपिन. कीटकनाशकाच्या विषबाधेवर देतात ते. एका मिलिलिटरात 0.6 मिलिग्रॅम.

ते काय करतं हे कळायला आधी बेडकाकडे जावं लागेल. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाचं धडधडतं हृदय द्रावणात ठेवून त्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेचे झटके दिले. ठोके मंदावले. मग ते द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर ज्याच्या मज्जातंतूला कुणी हातही लावला नव्हता तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतू आपल्या टोकाशी एक रसायन सोडतो. तेच अ‍ॅसिटाइलकोलिन. 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं ते याच कामासाठी.

हे रसायन हृदय मंद करतं, लाळ-घाम सोडतं, श्वासनळ्या आवळतं, त्यात स्राव वाढवतं, डोळ्याची बाहुली बारीक करतं, स्नायू हलवतं. काम झालं की ते लगेच नष्ट व्हायला हवं. त्यासाठी अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) तिथेच बसलेलं असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे 25,000 रेणू तोडतो.

कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी मारतात ते प्रोफेनोफॉस आणि त्याची ऑर्गॅनोफॉस्फेट भावकी नेमकी या विकराला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते. किडा त्यानेच मरतो. अडचण ही की तेच विकर आपल्यातही आहे. मग अ‍ॅसिटाइलकोलिन साचत जातं, नाडी मंदावते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत घरघर सुरू होते. माणूस स्वतःच्याच स्रावात गुदमरतो.

इथे अ‍ॅट्रोपिन येतं, आणि ते विषाला हातही लावत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते अ‍ॅसिटाइलकोलिनच्या जागा अडवून बसतं. प्रवासी तेवढेच आहेत, पण बसायला जागा नाही. गर्दी जितकी जास्त, तितके रुमाल जास्त लागणार. म्हणून तर डोसाचं गणित असं विलक्षण आहे: एरवी मंदावलेल्या हृदयासाठी हे औषध एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत देतात, विषबाधेत सुरुवातच 1.8 ते 3 मिलिग्रॅमने होते, म्हणजे तीन ते पाच अ‍ॅम्प्यूल एकदम. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर आहे? डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं. बाहुली मोठी झाली एवढ्यावर थांबायचं नाही. फुप्फुसं कोरडी व्हायला हवीत आणि नाडी व रक्तदाब सावरायला हवा. जास्त झालं तर रुग्ण तापतो, बरळायला लागतो, मग हात आखडता घ्यायचा.

मात्र या जागा दोन जातींच्या असतात. अ‍ॅट्रोपिन हृदय, ग्रंथी आणि श्वासनळ्यांवरच्या मस्कॅरिनिक जागा अडवतं, स्नायूंवरच्या निकोटिनिक जागांवर त्याचं काही चालत नाही. त्यामुळे छाती कोरडी झाली तरी श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. विकराला विषापासून सोडवणारं औषध वेगळं, प्रॅलिडॉक्सिम, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘पाम’. पण विकराला चिकटलेला फॉस्फरसचा गट काही वेळाने आपला एक अल्किल तुकडा टाकून देतो आणि मग तो पामलाही दाद देत नाही. डायमिथाइल जातीच्या विषात जेमतेम चार तासांत निम्मं विकर असं हातचं जातं, डायइथाइलमध्ये दीडेक दिवस मिळतो. पामचा उपयोग किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही: बारामतीतल्या अभ्यासात (2006) मोठ्या डोसाचा फायदा दिसला, श्रीलंकेतल्या अभ्यासात (2009) दिसला नाही.

अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं. श्रावणात त्र्यंबकेश्वराला वाहतात तोच धोतरा. लगेच ‘विषावर उतारा आपल्याला आधीच ठाऊक होता’ असे मेसेज फिरतात. एका बोंडात किती अ‍ॅट्रोपिन आहे हे झाडागणिक बदलतं, शिवाय सोबत स्कोपोलामिन हे आणखी एक विषारी द्रव्य येतं. महादेवाला चालतं, माणसाला नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणंही तसंच घातक: अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते आणि फवारणीच्या औषधात बहुधा असणारं रॉकेलसारखं द्रावकही तिच्याबरोबर जातं.

गाडी येईपर्यंत करायचं ते वेगळंच. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने भरपूर पाण्याने धुवा, आपल्या हातात मोजे घाला, कारण विष कातडीतूनही आत जातं. माणसाला कुशीवर वळवा. आणि बाटली किंवा तिचं लेबल गाडीत द्या. त्यावरच्या नावावरून डॉक्टरला कळतं की विष कोणत्या जातीचं आहे आणि अ‍ॅट्रोपिनच्या कुप्या फोडाव्या लागणार आहेत की नाही.