मेल्यावरही रंग बदलणारा मासा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांजवळ मासेमारीला गेलेल्या लोरी श्वाइकर्ट या जीवशास्त्रज्ञ बाईंना एक हॉगफिश मिळाला. बर्फाच्या पेटीत ठेवायला म्हणून त्यांनी तो उचलला, तर त्याच्या अंगावर बोटीच्या डेकचाच रंग आणि नक्षी उमटलेली! मासा तर मेलेला होता. मग रंग जुळवला कोणी?

उत्तर कातडीत निघालं. आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणारी ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात. तशीच प्रथिनं हॉगफिशच्या त्वचेत आहेत, हे त्यांनी २०१८ साली दाखवलं. २०२३च्या अभ्यासात आणखी गंमत कळली. ही प्रथिनं रंगपेशींच्या खालच्या पेशींत असतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचणारा उजेड रंगपेशींतून गाळून येतो. वरचे रंगकण पसरले की खाली अंधार, आखडले की उजेड. थोडक्यात, आपण आत्ता कुठल्या रंगाचे आहोत हे मासा आतून तपासत असतो.

तेव्हा याला रंगावरून ओळखायला जाऊ नये. आत्ता पांढरा, तर क्षणात ठिपक्याठिपक्यांचा नाहीतर विटकरी. पाठीवरचे पहिले तीन काटे बघावेत. ते दोऱ्यासारखे लांब निघालेले असतात. आणि ते डुकरासारखं पुढे आलेलं थोबाड! प्रवाळाजवळच्या वाळूत ते खुपसून हा शिंपले, गोगलगायी, खेकडे उकरतो. तिसऱ्यांचे शिंपले उघडायला आपल्याला विळी लागते, याच्या घशातले दात कवचासकट चुरा करतात.

गळाला लावायचा तर जिवंत कोळंबी, लहान गरी आणि तळाला टेकेल एवढं शिसं. मोठ्या माशांसाठी लावतात ते माशाच्या तुकड्यांचं आमिष याला फारसं रुचत नाही. म्हणून बरेच जण सरळ पाण्यात उतरून भाल्यानं मारतात, आणि घोळ तिथेच होतो. हॉगफिश आधी मादी असतो, मोठा झाल्यावर नर होतो. एका नराभोवती माद्यांचा कळप. थोबाडावर गडद पट्टा असलेला तो मोठा नर भाल्याला सगळ्यात आधी दिसतो. तो गेला की कळपातल्या एखाद्या मादीला नर व्हावं लागतं, आणि त्यात महिने जातात. तोवर त्या कळपाचं प्रजनन रखडतं.

फ्लोरिडानं २०१७ साली पकडता येणाऱ्या हॉगफिशची किमान लांबी वाढवली: मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला १४ इंच, कीज आणि अटलांटिकच्या बाजूला १६ इंच, थोबाडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. गळाला लागलेला लहान मासा निदान मोजून सोडता तरी येतो. भालेवाल्याला आधी नजरेनं मोजावं लागतं, आणि पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं. १२ इंचांचा मासा बरोबर १६ इंचांचा वाटतो.