सफरचंद ब्रँडी, आटीव रसाची

सफरचंदाचा रस आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन केले असता सफरचंद ब्रँडी मिळते. फ्रान्समधील नॉर्मंडीची कॅल्व्हाडोस आणि अमेरिकेतील ॲपलजॅक हे तिचे परिचित प्रकार आहेत. बागा जवळ नसलेले घरगुती उत्पादक ताज्या रसाऐवजी बाजारातील आटीव रस (कॉन्सन्ट्रेट) वापरतात आणि पुष्कळदा दोन-तीन प्रकारचे रस एकत्र करतात.

सिडरच्या (आंबवलेल्या सफरचंद-रसाच्या) ऊर्ध्वपातनाचा पहिला उल्लेख सामान्यतः गिल द गूबरव्हिल या नॉर्मन जमीनदाराच्या रोजनिशीत दाखवला जातो. त्याचे वर्ष १५५३, तर काही ठिकाणी १५५४ असे दिलेले आढळते. हा उल्लेख उपलब्ध लेखी पुरावा मानावा. प्रथा त्याआधीची असणे संभवते. ॲपलजॅकच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. कडाक्याच्या थंडीत सिडर गोठवून बर्फ काढून टाकण्याची रीत हेच तिचे मूळ रूप, असे एक लोकप्रिय मत आहे. तथापि न्यू जर्सीतील लेअर्ड कुटुंबाचा भट्टीचा व्यवसाय १७८० पासूनचा मानला जातो, हे पाहता दोन्ही रीती बराच काळ बरोबरीने चालत असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या भेदाचे महत्त्व स्वादाच्या दृष्टीनेही आहे : गोठवण्याने रसातील आम्ल, साखर व टॅनिन (तुरट द्रव्ये) मद्यातच राहतात, तर भट्टीत ती मागे उरतात.

आटीव रसांच्या मिश्रणाची चर्चा बहुधा गोडी आणि आंबटपणा यांभोवती फिरते. मॅलिक आम्ल, टॅनिन आणि न आंबलेली साखर बाष्पनशील (वाफेबरोबर उडून जाणारी) नसल्यामुळे ती थेट ब्रँडीत उतरत नाहीत; त्यांचा प्रभाव किण्वनावरील (आंबण्याच्या क्रियेवरील) परिणामापुरता, म्हणजे अप्रत्यक्ष असतो. बाष्पनशील घटकांची स्थिती नेमकी उलट आहे. निर्वातात रस सुमारे ७० ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स हे साखरेच्या प्रमाणाचे माप) आटवताना हेक्झिल ॲसिटेट, एथिल २-मिथिलब्युटिरेट यांसारखी एस्टरे (फळासारखा वास देणारी संयुगे) आणि हेक्झॅनॉल वाफेबरोबर निघून जातात. कारखाने ती सुगंधी अर्काच्या रूपात वेगळी साठवतात व हा अर्क पुष्कळदा स्वतंत्रपणे विकला जातो. त्यामुळे अर्क परत न मिसळलेल्या रसांचे कितीही प्रकार एकत्र केले, तरी ऊर्ध्वपातित मद्यात फळाचा वास क्षीण राहतो आणि त्याचे स्वरूप मुख्यतः यीस्टने निर्माण केलेल्या एस्टरांवर व उच्च अल्कोहॉलांवर ठरते. ताज्या रसाची भर घातल्यास काही सुगंध परत येतो. केवळ साखर वाढवल्यास अल्कोहॉल वाढते, पण त्या प्रमाणात सुगंध विरळ होतो.

याला एक अपवाद संभवतो. शिजलेल्या सफरचंदासारखा गंध देणारे बीटा-डॅमॅसेनोन हे संयुग कॅल्व्हाडोसच्या सुगंधात महत्त्वाचे मानले जाते. त्याची पूर्वगामी संयुगे शर्करेशी बद्ध व अबाष्पनशील असतात आणि आम्लयुक्त द्रवाला उष्णता मिळाली की त्यांतून ते मुक्त होते. म्हणून ती आटवण्यात काही अंशी टिकून भट्टीत गंध देत असावीत, आणि अधिक आंबट रसाचे मिश्रण या दृष्टीने उपयोगी ठरत असावे. मात्र आटवताना अतिरिक्त उष्णता लागलेल्या रसात तपकिरी रंग व कॅरॅमलसारखी चव आधीच आलेली असते, आणि हे दोन परिणाम वेगळे ओळखणे कठीण जाते.

नासपतीच्या आटीव रसाची भर पुष्कळ मिश्रणांत असते. त्यातील सॉर्बिटॉल हा गोड पदार्थ यीस्टला आंबवता येत नाही, परंतु तेही भट्टीतच राहते. नासपती मिसळणे हा दोष मानण्याचे कारण नाही, कारण नॉर्मंडीतील दोंफ्राँतेच्या कॅल्व्हाडोसमध्ये तिचे किमान ३० टक्के प्रमाण बंधनकारक आहे. अर्थात तेथे फळे ताजी असतात. पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षक घातलेला रस नीट आंबत नाही, आणि लॅक्टिक जंतूंनी सॉर्बेटवर क्रिया केल्यास जिरेनियमच्या पानांसारखा दुर्गंध येतो. सफरचंदाच्या रसात नायट्रोजनयुक्त पोषण कमी पडल्यास कुजक्या अंड्यासारख्या वासाचे हायड्रोजन सल्फाइड तयार होते. तांब्याच्या भट्टीत ते बऱ्याच अंशी बांधले जाते.

ओकच्या पिंपांत मुरवल्यावर व्हॅनिलासारखे गंध येतात व रसांमधील सूक्ष्म फरक झाकले जातात.

घरगुती ऊर्ध्वपातनाला न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून मुभा आहे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याविना मद्य गाळणे हा गुन्हा आहे.