तापल्यावर रुसणारी ठिणगी

जुनी मोटरसायकल घरी दुरुस्त करायला घेतलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. थंड इंजिन दोन किकांत सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, पण एकदा बंद केले की कितीही किका मारल्या तरी दाद देत नाही. अर्ध्या तासाने निवल्यावर मात्र काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. एका सिलिंडरच्या, 350 सीसीच्या आणि वयाने माझ्याहून मोठ्या असलेल्या माझ्या गाडीने हा खेळ मांडला, तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाने कार्ब्युरेटरकडे बोट दाखवले, आणि मीही तो मुकाट्याने तीनदा उघडून साफ केला. दोष निघाला मॅग्नेटोतल्या छोट्याशा कंडेन्सरमध्ये, म्हणजे विजेचा भार क्षणभर साठवणाऱ्या भागात. तो नेमके काय काम करतो हे मी शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधाराने पुन्हा जुळवू लागलो, आणि कार्ब्युरेटरवर घालवलेल्या तीन रविवारांचे दुःख बरेच हलके झाले.

मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारे यंत्र. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने 1831 साली दाखवले. त्याच तत्त्वावर रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. जुन्या पद्धतीच्या मॅग्नेटोत नालाकृती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोखंडी गाभ्याचे आर्मेचर फिरते. या गाभ्यावर आधी जाड तारेचे शे-दोनशे वेढे असतात आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारेचे दहा हजारांच्या आसपास. आर्मेचर फिरते तसे गाभ्यातल्या चुंबकत्वाची दिशा दर फेरीला दोनदा उलटते.

एवढ्याने ठिणगी पडेल असे वाटते, पण पडत नाही. साध्या वातावरणीय दाबाला एक मिलीमीटर हवा भेदायला सुमारे 3000 व्होल्ट लागतात, आणि सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूत तर प्लगची अर्ध्या मिलीमीटरची फट ओलांडायलाही त्याहून बरेच जास्त. मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. किक मारताना तर सेकंदाला जेमतेम काही फेऱ्या. चुंबकत्व इतक्या संथपणे बदलले तर हे हजारो व्होल्ट येणार कुठून?

इथे येते ती मला मनापासून आवडणारी युक्ती. जाड तारेच्या वेढ्यांची दोन टोके पॉइंटनी, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या दोन टेकणाऱ्या टोकांनी, एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे फिरताना निर्माण झालेली वीज त्याच वेढ्यांत गोल फिरत राहते. लेन्झच्या नियमाप्रमाणे हा प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करतो. म्हणजे बाहेरचा चुंबक गाभ्याची दिशा उलटवू पाहत असताना हा प्रवाह जुनी दिशा धरून ठेवतो. ताण वाढत जातो, आणि नेमक्या त्या क्षणी कॅमच्या, म्हणजे फिरणाऱ्या उंचवट्याच्या, रेट्याने पॉइंट उघडतात. प्रवाह तुटतो, अडवून धरलेले चुंबकत्व एका झटक्यात उलटते, आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. भरधाव वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन हादरतो, तसाच हा प्रकार आहे. पॉइंट एकमेकांना टेकले की ठिणगी पडते असा समज सर्रास आढळतो, तो म्हणूनच चुकीचा: टेकताना प्रवाहाची फक्त जमवाजमव सुरू होते, ठिणगी पडते ती ते दूर होताना. तीन हजार आरपीएमला फिरणाऱ्या एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात हे सेकंदाला 25 वेळा घडते.

अडचण अशी की पॉइंट उघडताना सुरुवातीला त्यांच्यातली फट केसाहूनही बारीक असते, आणि तुटू पाहणारा प्रवाह तेवढी फट सहज ओलांडून जळता कंस तयार करतो. मग प्रवाह झटक्यात तुटत नाही, रेंगाळत विझतो, आणि प्लगसाठी जमवलेली ऊर्जा पॉइंट जाळण्यातच संपते. पॉइंटना समांतर जोडलेला कंडेन्सर त्या क्षणी प्रवाहाला दुसरी वाट देतो. समजा 3 ॲम्पिअरचा प्रवाह 0.2 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये वळला, तर पॉइंटवरचा दाब दर मायक्रोसेकंदाला सुमारे 15 व्होल्टनेच वाढू लागतो. तो 200-300 व्होल्टपर्यंत चढेपर्यंत पॉइंट पुरेसे दूर गेलेले असतात. पुढे वेढ्यांचे प्रेरकत्व (L, प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि कंडेन्सरची धारकता (C, भार साठवण्याची क्षमता) यांच्यात ऊर्जेची ये-जा होऊन क्षीण होत जाणारी आंदोलने सुरू होतात. पहिल्या पाव आंदोलनात वेढ्यांतली ½LI² ही ऊर्जा ½CV² च्या रूपात कंडेन्सरमध्ये उतरते (I म्हणजे प्रवाह, V म्हणजे दाब), म्हणून धारकता फार मोठी ठेवली तर शिखर-दाब घटतो आणि फार लहान ठेवली तर पॉइंट जळतात.

जुने कंडेन्सर मेण मुरवलेला कागद आणि धातूचा वर्ख यांची गुंडाळी करून बनवत. दशके लोटली की कागद दमट होतो आणि तापल्यावर वीज गळू देतो. माझा कंडेन्सर थंड असताना मीटरवर अगदी निर्दोष दिसला; केस वाळवण्याच्या यंत्राने पाच मिनिटे शेकल्यावर मात्र त्याचा रोध एक हजार ओहमच्याही खाली घसरला, आणि तोसुद्धा मीटरच्या एक-दोन व्होल्टना. कामाच्या दाबाला तो किती गळत असेल, याची कल्पना केलेली बरी! वेगात फिरताना मॅग्नेटोकडे ही गळती सोसण्याइतकी ताकद असते, किकच्या मंद गतीला नसते. त्यामुळे तापलेली गाडी चालत राहते, पण बंद पडल्यावर सुरू होत नाही.

चुंबकांचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या, मायलेज वाढवणाऱ्या म्हणून खपणाऱ्या चुंबकांविषयीही सांगायला हवे. पेट्रोलमधले हायड्रोकार्बन प्रतिचुंबकीय असतात, म्हणजे चुंबक त्यांना अतिशय क्षीणपणे दूर लोटतो, आणि नळीतून पुढे गेल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही. ‘रेणू सरळ रेषेत लावणे’ वगैरे भाषा म्हणजे लिंबू-मिरचीला चढवलेला प्रयोगशाळेचा कोट आहे.

दुरुस्ती सांगायला सोपी, करायला किचकट. कंडेन्सर आर्मेचरच्या टोकाशी दडलेला असल्याने आर्मेचर बाहेर काढावे लागते, आणि ते काढताना चुंबकाचे ध्रुव मऊ लोखंडाच्या पट्टीने जोडून ठेवावे लागतात. जुन्या पोलादाचे चुंबक मोकळे ठेवले तर क्षीण होतात. नव्या पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सरची धारकता जुन्याइतकीच, पण दाब सोसण्याची क्षमता 600 व्होल्टच्या वर घेतली. डाग देताना बारीक तारेला धक्का लागू नये म्हणून अर्धा तास श्वास रोखल्यासारखे काम केले, आणि शेवटी फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, पॉइंटची फट माझ्या मॅग्नेटोला हवी तशी 0.012 इंच, म्हणजे सुमारे 0.3 मिलीमीटर ठेवली.

तीनशे किलोमीटरनंतर पॉइंट भिंगाखाली पाहिले. पूर्वी एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाचा उंचवटा असे. आता दोन्ही पृष्ठभाग सपाट, मंद करड्या रंगाचे दिसले. इंजिन तेव्हा हात लावू न देण्याइतके तापलेले होते. झाकण बसवून किक मारली, आणि ते दुसऱ्या किकेला सुरू झाले.