अवरक्त प्रकाशातलं मृग नक्षत्र

उत्तरायणाचे पतंग उतरले, फिरक्या आवरून झाल्या, की रात्री साडेदहाच्या सुमारास बडोद्यातल्या कुठल्याही गच्चीवर दक्षिणेला तोंड करून मान वर करा. मृग नक्षत्र चांगलंच वर आलेलं असतं. चार पायांचा चौकोन, मध्ये व्याधाने मारलेला तीन चांदण्यांचा बाण. डावीकडे वर तांबूस काक्षी, उजवीकडे खाली निळसर राजन्य.

आपल्या डोळ्यांना राजन्य सहसा काक्षीपेक्षा ठळक वाटतो, आणि शेजारचा व्याध तर दोघांनाही फिका पाडतो. अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात ही उतरंड कोसळते. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान जेमतेम ३,५०० केल्विन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तो थंडच. त्याचा बहुतेक प्रकाश तांबड्याच्या पलीकडे पडतो. दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीत पाहिलं, तर काक्षी व्याधालाही मागे टाकतो.

हा पलीकडचा प्रकाश विल्यम हर्शेल यांना १८०० साली सापडला, तोही थर्मामीटरने. तुम्हाला पाहायचा असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकतो. नुसत्या डोळ्यांनी पाहाल तर काहीच नाही. (मागच्या कॅमेऱ्याने दाद दिली नाही तर पुढचा वापरा. काही फोनमध्ये मागे अवरक्त अडवणारी गाळणी असते.)

खरी गंमत बाणाच्या खाली आहे. तिथे मंद चांदण्यांची एक छोटी उभी ओळ दिसते. तिच्या मधोमध जे धुरकट वाटतं तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. त्याच्या आत आणि मागे तारे जन्माला येताहेत, पण धुळीआड. हे धूलिकण मायक्रॉनहूनही बारीक, साधारण दृश्य प्रकाशाच्या लहरींच्याच मापाचे. म्हणून तो प्रकाश त्यांच्यात अडकतो, विखुरतो. लांब लहरींना ते फारसे आडवे येत नाहीत. बेकलिन आणि नॉयगेबाउअर या खगोलशास्त्रज्ञांनी अवरक्तात याच भागात एक झगझगीत ठिपका टिपला. १९६७ साली त्यांनी तो जाहीर केला. साध्या छायाचित्रात त्या जागी काहीच नव्हतं! तो धुळीत गाडलेला कोवळा तारा निघाला.

आणखी लांब लहरींकडे गेलं की धूळ स्वतःच प्रकाशू लागते, तीही शून्याखाली दोन-अडीचशे अंश असताना. १९८३ साली ‘आयरास’ या उपग्रहाने आकाशाची पाहणी केली तेव्हा मृगाच्या डोक्याभोवती धुळीचं भलंमोठं कडं उमटलं.

जमिनीवरून हे पाहताना हवेतली वाफ नडते. ती बरंचसं अवरक्त गिळून टाकते. म्हणून कोरडी, उंच जागा शोधावी लागते. आपल्या बाजूला अशी जागा म्हणजे माउंट अबू. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटर आरशाची दुर्बीण तिथे गुरुशिखरावर, सुमारे १,६८० मीटर उंचीवर आहे. पण लांब लहरींपुढे डोंगरही अपुरा पडतो, कारण हवा आणि दुर्बीण स्वतःच त्या लहरींत उजळलेल्या असतात. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, उन्हाकडे पाठ करून ठेवलंय ते यासाठीच. त्यातलं एक उपकरण तर ७ केल्विनच्याही (शून्याखाली सुमारे २६६ अंश सेल्सिअस) खाली गार ठेवावं लागतं.