पाच दिवसांचा भ्रूण आणि संमतीचा कागद

स्त्रीबीज फळल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा पोकळ गोळा असतो. बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते. आत एका बाजूला चिकटलेल्या पुंजक्यातून अख्खं शरीर घडतं. शरीरातली जवळपास कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या भ्रूणीय मूलपेशी या पुंजक्यातून मिळतात आणि तो काढला की भ्रूण सहसा उरत नाही. त्या वापराव्यात का, या वादाचं मूळ इथे आहे.

मानवी भ्रूणातून अशा पेशी वाढवण्यात १९९८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांना यश आलं. त्या जपणं कष्टाचं असतं. पोषक द्रव बहुधा रोज बदलावा लागतो. दर चार-सहा दिवसांनी पेशींच्या वसाहतींचे तुकडे नव्या ताटलीत हलवायचे. पेशी पूर्ण सुट्या केल्या तर बहुतेक मरतात, म्हणून पहिला दिवसभर रॉक नावाचं विकर (एन्झाइम) रोखणारं औषध घालतात. शिवाय जी पेशी झपाट्याने वाढते ती ताटली व्यापते. १२, १७ किंवा २० क्रमांकाच्या गुणसूत्राचा जादा भाग असलेल्या पेशी अशाच माजतात. गुणसूत्रं वेळोवेळी तपासली नाहीत, तर बिघडलेल्या पेशींवर महिनोन् महिने काम होतं.

उपचारात भ्रूणीय मूलपेशी जशाच्या तशा देत नाहीत. आधी त्यांना हव्या त्या पेशीच्या वाटेला लावतात. थोड्या जरी मूळ अवस्थेत राहिल्या, तरी केस, दात, कूर्चा असलेली टेराटोमा ही गाठ होऊ शकते. २०२५ साली पार्किन्सनच्या १२ रुग्णांच्या मेंदूत भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या, पुढे डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या पेशी होणाऱ्या पूर्वपेशी सोडल्याचे निष्कर्ष आले. दीड वर्षानंतरही त्या जिवंत होत्या, गाठी झाल्या नव्हत्या. चाचणी छोटी होती, मुख्यतः सुरक्षितता पाहणारी. पेशी परक्या असल्याने रुग्णांना वर्षभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या जोरावर मूलपेशींसारख्या केल्या. त्यात भ्रूण लागत नाही. पण त्या कितपत अस्सल, हे ठरवायला तुलनेसाठी भ्रूणीय पेशीच हाताशी लागतात.

भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवू नये, ही मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचवली. साधारण तेव्हा शरीराचा अक्ष दाखवणारी रेघ उमटते. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. मूलपेशी मात्र त्याच्या कितीतरी आधी काढतात, त्यामुळे ही मर्यादा पाळली म्हणजे प्रश्न मिटला, असं मानणं चूक आहे.

माझ्या मते खरी कसोटी संमतीची. दक्षिण कोरियात मूलपेशी संशोधक ह्वांग वू-सुक यांच्या प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ महिला संशोधकांनीच स्त्रीबीजं दिल्याचं उघड झालं. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून मूलपेशी मिळवल्याचे ह्वांग यांचे दावेही बनावट निघाले आणि २००६ मध्ये शोधनिबंध मागे घेतले गेले. हाताखालच्या माणसाचा होकार मोकळा असतो का? आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) उरलेल्या भ्रूणांबाबतही हीच काळजी हवी. भ्रूण वापरायचे नाहीत हे जोडप्याने आधी ठरवावं, दान करण्याबद्दल नंतर विचारावं, आणि विचारणारा त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर नसावा. पेशी अनेक वर्षं जगतील, दुसऱ्या देशांत जातील, त्यांची जनुकं वाचली जातील, कुणी त्यातून नफाही कमावेल, हे स्पष्ट सांगायला हवं. भ्रूण वापरला जाईपर्यंत होकार मागे घेता येतो. पेशी वाढवून इतरत्र वाटल्या गेल्या की त्या परत मागवणं जवळपास अशक्य असतं. हे नुसतं कागदावर छापून भागत नाही. सही करण्याआधी समोर बसून, तोंडाने सांगावं लागतं.