तंबोरा जुळला, पण बोलतोय का?

मैफल सुरू होण्याआधी गायक तंबोऱ्यावर वाकून बराच वेळ खुडबुड करत असतो. आपण शेजाऱ्याला सांगतो, 'तंबोरा लावतायत.' खरं तर तिथे दोन निराळी कामं चाललेली असतात : स्वर जुळवणं आणि जवारी लावणं. हात कुठे आहे ते पाहावं. वर खुंटीवर किंवा खाली मण्यावर असेल, तर स्वर जुळतोय. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर), तारेखालच्या दोऱ्यापाशी असेल, तर जवारी.

स्वर जुळवणं म्हणजे ताणाचा हिशेब. तार आवळली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. पंचम, षड्जाच्या दोन जोडाच्या तारा, खालच्या षड्जाचा खर्ज, एवढं मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅपही सांगतं.

जवारीत स्वराची उंची बदलत नाही, रंग बदलतो. व्हायोलिनची घोडी वर अरुंद असते. तंबोऱ्याची रुंद, माथ्याला किंचित उतरती, कानशीने घासून घडवलेली. झंकारणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. टेकण्याची जागा अशी सरकत राहिली की मूळ स्वरावरचे बारीक उपस्वर जागे होतात. सुती दोरा केसभर पुढेमागे करून गायक नेमकी तीच जागा शोधत असतो. दोरा काढून पाहा : अ‍ॅपच्या लेखी सगळं ठीक, कानाला मात्र तार मुकी.

या दोऱ्याने सी. व्ही. रामन या शास्त्रज्ञालाही गुंतवलं होतं. त्यांच्या आधीचे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांचा नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (तार न हलण्याची जागा) येतो, तो उपस्वर उमटत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गप्प राहायला हवा. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात! कोलकात्यात काम करणाऱ्या रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावरच्या निबंधात हे मांडलं, आणि कारण घोडीच्या घडणीत असल्याचं दाखवलं. घोडी घासणाऱ्या कारागिरांना यंग ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी नियम मोडला तो कानावर विसंबून.

दोन्ही कामं जमली तरच स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो कोणत्याच तारेवर लावलेला नसतो; खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणून तो आपसूक उमटतो. जवारी बसकी असेल तर तो दबतो. जवारी खुली पण खर्ज उतरलेला असेल, तर गंधारही उतरलेलाच निघतो.

वर्षानुवर्षं वाजवून घोडीला तारेखाली खाचा पडतात. आवाज बसला की नवखा विद्यार्थी खुंटी पिळत बसतो आणि तार तोडून घेतो (मीही तोडलीय). तिथे मिरजेच्या एखाद्या कारागिराकडून जवारीच काढून, म्हणजे घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. आणि काळी दोनचा तंबोरा पांढरी चारला (पेटीच्या या पट्ट्या म्हणजे षड्जाची उंची) चढवला, तर स्वर जुळल्यावर दोराही पुन्हा पाहावा लागतो.