माकडाचा ज्यूस, इन्स्टाचं लाइक आणि सोळा वर्षांची अट

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या पोरांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर अकाउंट ठेवता येत नाही, आणि कंपन्यांनी कानाडोळा केला तर जवळपास ५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. बातमी आली आणि आपल्याकडे लगेच फॅमिली ग्रुपवर "इथेही आणा हे" सुरू झालं, सोबत तो नेहमीचा फॉरवर्ड, की मोबाईल बघितला की मेंदूत डोपामिन नावाचं आनंदाचं रसायन सुटतं आणि पोरं त्याच्या नशेत जातात. बंदीचं नंतर बघू. आधी हे आनंदाच्या रसायनाचं प्रकरण जरा नीट समजून घेऊया, कारण खरी भानगड याहून भारी आहे.

वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत, डोपामिन सोडणाऱ्या पेशींजवळ बारीक इलेक्ट्रोड घातले. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब मिळाला की या पेशी तडतड करायच्या. इथपर्यंत फॉरवर्डवाले बरोबर. मग त्याने ज्यूसच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी माकड शिकलं की खूण म्हणजे ज्यूस येणार. आता पेशी खूण दिसल्यावर तडतडायला लागल्या आणि प्रत्यक्ष ज्यूस मिळाला तेव्हा ढिम्म! ज्यूस तोच, गोडी तीच, तरी ढिम्म. आणि खूण देऊन ज्यूस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता बरोब्बर त्या क्षणी पेशींची नेहमीची संथ टिकटिकसुद्धा बंद पडली. म्हणजे या पेशी आनंद मोजतच नव्हत्या, त्या एक वजाबाकी करत होत्या: मिळालं किती, वजा वाटलं होतं किती. उत्तर शून्याच्या वर आलं तर "हे लक्षात ठेव, परत कर", खाली आलं तर "तुझा अंदाज चुकला". १९९७ मध्ये हे गणितासकट छापून आलं आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरला शिकवण्याच्या एका पद्धतीत हीच वजाबाकी आधीपासून वापरात होती.

पुढचा प्रयोग जरा किचकट आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००३ मध्ये त्याच गटाने वेगवेगळ्या खुणा ठेवल्या, एकीनंतर ज्यूस नक्की, दुसरीनंतर कधीच नाही, बाकीच्यांनंतर कधी हो कधी नाही. खूण आणि ज्यूस यांच्या मधल्या दोन सेकंदांत पेशींची हालचाल हळूहळू चढत गेली, आणि सगळ्यात जास्त चढली कधी, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना, म्हणजे अनिश्चितता सगळ्यात जास्त असताना. या चढाचा अर्थ काय यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून भांडणं आहेत, पण स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या जुन्या प्रयोगांशी ते छान जुळतं: किती टोच्यांनंतर दाणा मिळेल हे ठरलेलं नसलं की कबुतर सगळ्यात चिवटपणे टोचत राहतं. मटका लावणारा रोज हरूनही का जातो ते यात आलं.

आता इन्स्टा उघडा. फोटो टाकला, लाइक दहा येतील का दोनशे, माहीत नाही. रील सरकवली, पुढची भंगार की भन्नाट, माहीत नाही. फीडला तळ नाहीच. वजाबाकी चालूच राहते. २०२१ मध्ये काही संशोधकांनी ४ हजारांवर लोकांच्या दहा लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या, तर लाइक जास्त मिळायला लागले की पुढची पोस्ट लवकर पडते, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या शिकण्याचं गणित जसं सांगतं तसंच. वयात येणाऱ्या पोरांचं आणखी एक. २०१६ च्या एका प्रयोगात १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांचेच फोटो दाखवले, लाइकचे आकडे संशोधकांनी स्वतःच ठरवलेले, तरी आकडा मोठा असला की मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र जास्त पेटायचं.

हे वाचून कोणी "डोपामिन डिटॉक्स"चा कोर्स घेऊ नका. डोपामिन हा काही शरीरात साठलेला मळ नाही, तो सोडणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो आणि माणसाला धड हलता येत नाही. आणि "मोबाईलने पिढी बरबाद" हेही तपासून घ्या. ३ लाख ५५ हजार किशोरवयीनांच्या माहितीवरच्या २०१९ च्या अभ्यासात, मनाच्या स्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला, बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! अर्थात ही सरासरी आहे, रात्री तीनपर्यंत स्वतःचं शरीर दुसऱ्यांच्या फिल्टरशी ताडून बघणारी मुलगी सरासरीत दिसत नाही. तसंच २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ट्विटर-इन्स्टावर बसून ऑक्सिजन आणि बेडचे नंबर फोन करकरून खरे-खोटे तपासणारी कॉलेजची पोरंही दिसत नाहीत.

म्हणून मला नुसत्या वयाच्या अटीचं फार कौतुक वाटत नाही. ऑस्ट्रेलियात लॉगिन न करता यूट्यूब बघता येतंच, आणि सोळाव्या वाढदिवशी तीच तळ नसलेली फीड हातात येते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा लोक हसले, पण सगळ्या गावाचाच फोन बंद असला की त्या वेळात आपल्या फोनवर काही येण्याची शक्यता बरीच घटते, म्हणजे अनिश्चितताच कमी, हे कबुतरालाही पटेल. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यावरून जाहिराती मारायला मनाई लिहिलेली आहे. पुढची रील कोणती हे त्याच पाळतीवर ठरतं, त्यामुळे हे कलम खरंच वापरलं तर थेट यंत्राच्या पोटात हात जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनं पाळायला कंपन्यांना आणखी अठरा महिने दिलेत.